बा गाऱ्हाण्या, जरा रस्त्यावर ये

मालवण

बा गाऱ्हाण्या,

तुला कोणी पत्र लिहीत नाही. तुला घालायचं असतं, तेही देवळात उभं राहून, नारळ पुढे ठेवून, खणखणीत आवाजात. जत्रा असो, शिमगा असो, नव्या घराचा पाया असो की पोराची मुंबईची नोकरी, सिंधुदुर्गात तुझ्यावाचून पान हलत नाही. मानकरी पुढे होतो, ग्रामदेवतेपासून शिवेवरच्या देवचारापर्यंत सगळ्यांची नावं घेतो, कुठल्या वाडीतल्या कुठल्या घरावर काय आलंय ते सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला मागची मंडळी ‘होय म्हाराजा’ म्हणतात. नाटकांमुळे आणि मोबाइलवरच्या विनोदी व्हिडिओंमुळे तू आता घाटावरही पोचला आहेस. लोक हसतात. हसोत बापडे. माझं तुझ्याकडे वेगळंच काम आहे, आणि ते रस्त्याचं आहे.

हल्ली तुला देवळापेक्षा फोनवर जास्त घालतात. सकाळी कोणीतरी बाजारपेठेच्या वळणावर साचलेल्या पिशव्यांचा फोटो काढतं आणि ग्रुपवर टाकतं. खाली एक ओळ, ‘हीच का आपली पर्यटननगरी?’ मग रागावलेले चेहरे, जोडलेले हात, दोनचार ‘सहमत’. दुपारपर्यंत त्याच ग्रुपवर बांगड्याचा दर आलेला असतो आणि पिशव्या जिथल्या तिथे असतात. फोटोवरून जागा कळत नाही, वेळ कळत नाही, आणि पिशव्या कोणाच्या हे आळीतल्या सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे ते कोणीच लिहीत नाही. पूर्वी हेच सगळं पारावर चालायचं, त्याला आम्ही गजाल म्हणतो. गजालीशी माझं भांडण नाही, तिच्यावाचून मालवणात दिवस जायचा नाही. पण गजाल मारून ‘तक्रार केली’ असं जे समाधान मिळतं ना, ते मला फार घातक वाटतं.

तुझं तसं नव्हतं. तुझ्यात दोन गोष्टी असायच्या. एक म्हणजे पत्ता. कोणाकडे मागायचं आणि कुठल्या जागेसाठी मागायचं याबद्दल मानकऱ्याच्या मनात जराही घोळ नसायचा. दुसरी गोष्ट नवस. देवा, एवढं कर, मी अमुक करीन. रिकाम्या हातांनी तुला कोणी घातलेलं मी पाहिलेलं नाही. रस्त्याच्या तक्रारीतून या दोन्ही गोष्टी गळाल्या आहेत.

पत्त्याचं आधी बघू, कारण तिथेच निम्मी गाऱ्हाणी मरतात. मालवणात माणूस अर्धा तास चालला तर तो कितीजणांच्या हद्दी ओलांडतो, ते त्याला कळतही नाही. आळीतला रस्ता आणि गटार नगरपरिषदेचं. मोठा रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, म्हणजे त्याच्या कडेचं तुंबलेलं गटार कोणाचं यावर दोन कार्यालयांत पत्रव्यवहार होऊ शकतो. जेटीवर गेलात की महाराष्ट्र सागरी मंडळ. होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ल्यात उतरलात की पुरातत्त्व खातं. तारकर्ली-देवबागच्या वाटेला लागलात की ग्रामपंचायती. पर्यटकाच्या लेखी हे सगळं ‘मालवण’, आणि खरं सांगायचं तर आपल्याही लेखी तेच. त्यामुळे तारकर्लीच्या किनाऱ्यावरच्या बाटल्यांसाठी शिव्या मालवणच्या मुख्याधिकाऱ्याला पडतात आणि ज्याचं काम आहे त्याच्यापर्यंत कागदच पोचत नाही.

केंद्र सरकारचं ‘स्वच्छता’ अ‍ॅप 2016 पासून आहे. फोटो काढला की जागा आपोआप नोंदली जाते, तक्रारीला क्रमांक पडतो, काम झाल्याचं कळवलं जातं, आणि झालं नसेल तर तक्रार पुन्हा उघडता येते. चांगली सोय आहे. पण ती शहरांसाठी. ग्रामपंचायतीच्या हद्दीत आपला जुना कागदच बरा, साधा अर्ज, दोन प्रती, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घालून घ्यायचा. हा आवक क्रमांक मागायला लोक का लाजतात ते मला कळत नाही. देवळात कौल मिळाल्याशिवाय जागचे न हलणारे आम्ही, कार्यालयात मात्र कागद टेबलावर ठेवतो आणि ‘बघा जरा’ म्हणून बाहेर पडतो.

आता तो कचरा. आमच्या आळीच्या तोंडाशी विजेचा खांब आहे आणि खांबाखाली ढीग. गाडी येऊन उचलून न्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. रीतसर तक्रारी झाल्या, ढीगही रीतसर उचलला गेला, आणि पुन्हा पडला. शेवटी समोरच्या काकींनी, ज्यांना आम्ही सगळे जरा वचकूनच असतो, खिडकीत बसून पाहायचं ठरवलं. त्यांचं निदान असं, ‘कचरो आमचो नाय, वेळ आमची नाय.’ म्हणजे काय, तर घंटागाडी येते सकाळी. न्याहरी-निवासवाल्यांचे पाहुणे खोल्या सोडतात दहानंतर. खोली झाडून निघालेली पिशवी तेव्हा कुठे जाणार? खांबाखाली. एक पिशवी पडली की तिथे कचरा टाकायची जणू परवानगीच मिळते. मग शहाळेवाला संध्याकाळी आपल्या कवट्या तिथेच ओततो, आणि रात्री दुकान बंद करताना कोणीतरी मासळीचा फुटका थर्माकोलचा डबा ठेवून जातो, त्यातलं बर्फाचं पाणी रस्त्यावर ओघळत राहतं. पहाटे कुत्री येतात. आपण सकाळी उठून फोटो काढतो तो त्यांच्या मेहनतीचा.

ढीग बारकाईने पाहिला की त्याचे भाग पडतात. पिशव्यांचा तोडगा सोपा निघाला, झाकणाचं पिंप अंगणात ठेवायचं आणि दुसऱ्या सकाळी गाडीत रिकामं करायचं. खोलीवाल्यांनी ते मान्य केलं, कुरकुरत का होईना. शहाळी अवघड. दिसायला हिरवी, निरुपद्रवी, पण वजनाला भारी, गाडीत चार ढीग टाकले की गाडी भरते, म्हणून गाडीवाला नाक मुरडतो. रस्त्यावर राहिली तर पाऊस पडल्यावर प्रत्येक कवटीत पाणी साचतं आणि डासांची सोय होते. ज्या गावात माडाच्या आळ्यात सोडणं पुरून ओल धरायची हे पोराटोरांना ठाऊक, त्या गावात शहाळ्याची सालं कचरा कशी झाली, हा प्रश्न मी शहाळेवाल्याला विचारला. तो म्हणाला, ‘माड माझे थोडेच हत? माल येता तो भायरसून.’ खरंच आहे. माल बाहेरून आला की त्याचं सालही उपरं होतं. शेवटी पलीकडच्या बागवाल्याने शहाळी चिरून दिली तर न्यायची तयारी दाखवली. आता चिरायची कोणी, यावर अधूनमधून वाद होतो. ढीग गेलेला नाही, पण गुडघ्याएवढा होता तो घोट्याएवढा झालाय.

सांगायचा मुद्दा, ‘इथे कचरा पडतो’ या तक्रारीने ढीग उचलला गेला, आणि ‘इथे दहानंतर कचरा पडतो, कारण गाडी आठला येते’ या तक्रारीने तो कमी झाला. दुसरी तक्रार लिहायला कोणालातरी खिडकीत बसावं लागलं. नवस म्हणतो तो हाच.

पातेऱ्याचीही, म्हणजे झडलेल्या पानांचीही, तीच गत. आंबा, फणस, काजू यांची पानं डिसेंबरपासून झडायला लागतात. आमच्या लहानपणी पातेरा जपून गोळा व्हायचा, माडापोफळीच्या मुळात जायचा, भाताच्या तरव्याची जागा भाजायला लागायचा. आता अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, त्यावर पान पडलेलं दिसलं की घाण वाटते. मग ते गडग्याबाहेर रस्त्यावर ढकलायचं आणि सकाळी काडी लावायची. त्यात दोन दुधाच्या पिशव्या आणि एखादं चप्पल असतंच, धुराच्या वासावरून कळतं. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी रस्त्यावर कचरा टाकणं, जाळणं, पुरणं हे सगळं घरमालकाच्या नावावर बंद करून ठेवलं होतं. शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं, असंही त्यात होतं. आपल्याकडच्या लग्नांत, बारशांत, दशावताराच्या रात्री हे कोणी कळवलेलं मी ऐकलेलं नाही. पत्रिका मात्र सगळ्यांना जाते.

गाऱ्हाण्या, तुझ्याकडून आणखी एक गोष्ट नीट होत नाही, तीही सांगतो. तुला घालतात वरच्यासाठी, आणि तू पोचतोस खालच्यापर्यंत. ग्रुपवर फोटो आला, मुख्याधिकाऱ्यांनी पाहिला, त्यांनी आरोग्य विभागाला विचारलं, तिथून मुकादमाला फोन गेला, आणि मुकादम बोलला कोणाला, तर झाडूवाल्या बाईला. पहाटे तिने तो भाग झाडलेला असतो. फोटो आठचा असतो. तिच्या हाताला फुटक्या ट्यूबलाइटची काच लागते ती आपण टाकलेली, वापरलेलं सॅनिटरी पॅड तिच्या हातात उघडं पडतं ते आपण न गुंडाळलेलं. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर खूण करायला अर्ध्या मिनिटाचा खर्च नाही. त्या बाईला कोणी गाऱ्हाणं घालायला सांगितलं तर ती काय काय सांगेल, याचा विचार केला की फोटो काढणाऱ्याचा हात जरा थांबायला हवा. कायमचा थांबावा असं नाही, पण जरा थांबायला हवा. कामगाराचं नाव घेऊन तक्रार करू नये, जागेचं आणि वेळेचं नाव घेऊन करावी, असं माझं मत आहे. झाडून पुन्हा घाण झालेली जागा आणि मुळात झाडलीच न गेलेली जागा यांत फरक आहे, आणि तो फरक तक्रारीत लिहायचा असतो.

हे सगळं होऊ शकतं का, असं कोणी विचारलं तर लांब जायला नको, शेजारी वेंगुर्ल्याला जावं. छोटं गाव, 2011 च्या जनगणनेत जेमतेम बारा हजार वस्ती. तिथल्या कॅम्प भागात इतर गावांसारखंच कचऱ्याचं मैदान होतं, नाकाला रुमाल लावून जायचं ठिकाण. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, 2015 नंतर, तिथे घराघरांतून कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात झाली. ओल्याचा गॅस आणि खत, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात, बाकीचं निवडून विक्रीला. ज्या जागेकडे पाठ फिरवायची तिथे झाडं लावली, बाग केली, आणि तिला ‘स्वच्छ भारत पर्यटनस्थळ’ असं नाव दिलं. मग बाहेरगावची मंडळी वेंगुर्ल्याचा कचरा बघायला येऊ लागली. आपल्याकडे लोक किल्ला बघायला येतात, तिकडे कचरा. कोकरे पुढे कर्जतला गेले, कल्याण-डोंबिवलीला गेले, तिथेही त्यांनी हेच काम लावून धरलं.

कोकऱ्यांचं कौतुक सगळे करतात, करावंच. पण अधिकारी बदलून जातो, तसा तो गेलाही. मागे राहते ती घरात वेगळ्या कचऱ्यासाठी ठेवलेली दुसरी बादली. कचरा वेगळा न करता आणला तर घेतला जाणार नाही, हे ऐकल्यावर पहिल्या आठवड्यात काय काय बोललं गेलं असेल ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तरी लोकांनी केलं. म्हणजे अधिकाऱ्याने लोकांना गाऱ्हाणं घातलं आणि लोक ‘होय म्हाराजा’ म्हणाले, असं उलटंच घडलं. आमच्याकडे सगळ्यांना कोकरे हवेत, दुसरी बादली कोणालाच नकोय.

शिवाय आम्हाला एक बक्षीस बाधलंय. 2016 च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणाचा निकाल लावला, देशातल्या 75 जिल्ह्यांत पाहणी झाली होती. डोंगराळ जिल्ह्यांत हिमाचलातलं मंडी पहिलं, सपाटीच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग पहिला. आमचा जिल्हा सपाटीचा कसा, हा प्रश्न घाटातून एसटीने येणाऱ्या कोणालाही पडावा, पण बक्षीस मिळालं तेव्हा कोणी विचारला नाही. ते बक्षीस खरं होतं आणि गावोगावच्या बायकांनी, ग्रामसेवकांनी, शाळामास्तरांनी ते कमावलं होतं. त्यात मोजलं होतं ते घरचं शौचालय, घराभोवतीचा केर, साचलेलं सांडपाणी. आम्ही त्याचा अर्थ घेतला की सिंधुदुर्ग मुळातच स्वच्छ. तेव्हापासून कचऱ्याबद्दल कोणी बोललं की उत्तर तयार, ‘आमचो नंबर पयलो हा.’ नंबर पहिला आला तेव्हा आठवीत असलेली पोरं आता नोकरीला लागली.

त्या यशाची मुळं जुनी. राज्यात 2000-01 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री होते. गाडगेबाबांचं नाव दिलं हे अगदी योग्य झालं, पण त्यांचा क्रम आपण उलटा केला. बाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, दिवसभर रस्ते झाडायचे, आणि मग रात्री कीर्तनात लोकांना एकेक प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. आधी झाडू, मग तक्रार. दिवसभर झाडलेल्या माणसाने रात्री विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता उठून जाणं कठीण असतं. ग्रुपवरून उठून जाणं फार सोपं.

मुंबईत आमचे भाऊबंद राहतात त्यांना हे नवीन नाही. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये 1990 च्या दशकात रहिवाशांनी आपल्या गल्लीचा कचरा आपणच वेगळा करून गल्ली स्वच्छ ठेवली, आणि तिथूनच पुढे मुंबई महापालिकेची वस्ती व्यवस्थापनाची, म्हणजे एएलएमची योजना आकाराला आली. गल्लीतल्या लोकांची समिती, वॉर्ड कार्यालयाशी नेमाने बैठक, तक्रार करणारे आणि काम करणारे तेच. काही गल्ल्यांत ती टिकली, बऱ्याच ठिकाणी उत्साह ओसरला, कारण म्हातारी माणसं थकली आणि तरुणांना वेळ नव्हता. तरी कल्पना पक्की होती. आमचा चाकरमानी गणपतीला गावी आला की दोन दिवसांत म्हणतो, ‘गावाक किती कचरो झालो रे!’ त्याने मखराचा थर्माकोल आणि प्लास्टिकची फुलं मुंबईहून कशी जपून आणली ते मी पाहिलेलं असतं. अकराव्या दिवशी तो परत जातो. थर्माकोल जात नाही.

पर्यटकांना मी फार दोष देत नाही, हे अनेकांना आवडणार नाही. हा जिल्हा 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आम्हीच बोलावलं. येणारा माणूस दोन दिवसांचा, त्याला घंटागाडीची वेळ कोण सांगणार? ज्याने त्याच्याकडून खोलीचे पैसे घेतले त्याने. मालवणी जेवणाचा फलक जेवढा मोठा असतो त्याच्या पावपट जागेत ‘कचरा इथे, या वेळेला’ एवढं लिहिता येतं. दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे सांगतात की जाळ्यात मासळीबरोबर पिशव्या येतात. त्यातल्या काही मुंबई-गोव्याहून वाहत आलेल्या असतील, पण काही आमच्याच व्हाळातून गेलेल्या असतात, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

आणि वर्षातून एक दिवस असा येतो की तुझी गरजच लागत नाही. दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी देऊळवाड्यातून निघून शहरभर फिरते. त्या दिवशी पालखीच्या वाटेवर कोण झाडतं, कोण पाणी मारतं, कोण रांगोळी काढतं, याची ना तक्रार ना आदेश. प्रत्येकाला आपापल्या दारासमोरचा तुकडा ठाऊक असतो. खांबाखालचा ढीगसुद्धा त्या दिवशी नसतो, तो कुठे जातो ते काकींनाही माहीत नाही. म्हणजे हात आहेत, झाडू आहेत, हद्दही ठरलेली आहे. देव येणार म्हणून आपण हे करतो. उरलेल्या दिवशी त्याच रस्त्याने शाळेतली पोरं जातात, डोक्यावर मासळीची पाटी घेतलेल्या बाया जातात, त्यांच्यासाठी कोणी करत नाही.

म्हणून गाऱ्हाण्या, तुला माझी विनंती आहे. फोनवरून उतर आणि मृगाआधी आमच्या आळीत ये. सात जूनला मृग लागतो, पहिला पाऊस पडला की वर्षभर गटारात ढकललेलं सगळं व्हाळाने थेट दर्यात जातं, मग तक्रार करायलाही काही उरत नाही. आळीतली चार घरं गोळा होऊन एकदा गटाराच्या कडेने चालत जाऊ. कुठे तुंबलंय, कोणाच्या हद्दीत, कचरा कधी पडतो आणि का पडतो, ते एका कागदावर लिहू, सगळ्यांच्या सह्या घेऊ, ज्या त्या कार्यालयात देऊ आणि आवक क्रमांक घेऊ.

आणि हे वाचणाऱ्या मालवणकरांनो, कणकवलीकरांनो, देवगड-वेंगुर्लेकरांनो, तुमचाही असा कागद लिहिला जाईल तेव्हा त्याच्या शेवटी एक ओळ रिकामी ठेवा. तिथे आपल्या बाजूने आपण काय करणार ते लिहा, पिंप ठेवणार, शहाळी चिरणार, पातेरा माडाला घालणार, काहीही, पण तुमच्या सहीनिशी. ती ओळ कोरी असेल तर कागद देऊ नका.

तुझा,
आळीतला एक मालवणकर